शंका नाय, नुसतं इचारतो

बाळाराम ठोंबरे, म्हणजे आमचे भाऊ, कुठलंही नवं यंत्र दिसलं की आधी त्याचा वास घेत. रेडिओ असो, इस्त्री असो, मिक्सर असो. खोक्यातून बाहेर निघालं की भाऊ चष्मा कपाळावर चढवायचे, दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि यंत्राच्या जाळीला नाक लावून एक लांब श्वास ओढायचे. बाजारात आंब्याच्या पेटीवर जाणकार माणूस वाकतो ना, तसे. घरचे आणि जमलेले शेजारी तोवर गप्प. मग भाऊ सरळ होऊन म्हणायचे, "वास बरा हाय." त्यानंतरच चहाचं आधण चढायचं.

आम्ही मोहोपाड्याच्या स्टाफ कॉलनीत राहायचो. आजूबाजूला सगळे रसायनांचे कारखाने. वारा फिरला की वास फिरायचा. कधी गंधकाचा, कधी कुजक्या अंड्यांचा, कधी कशाचा ते साहेबांनाही सांगता यायचं नाही. एवढ्यात राहून या माणसाच्या नाकाला अशी बारीक पारख कशी राहिली, हे मला कोडंच होतं. पारख नेहमी खरी ठरायची असंही नाही. कुलकर्ण्यांच्या मिक्सरला त्यांनी नाक लावलं आणि चेहरा वाकडा करून सांगितलं, "ह्यो जळनार." कुलकर्णीबाईंनी महिनाभर चटणी पाट्यावरच वाटली. मग धीर करून त्यांनी मिक्सर लावला, तर तो नुसता चालला नाही, वर्षानुवर्षं चालला. भाऊ त्यांच्या खिडकीखालून जाताना घरघर ऐकून थबकायचे आणि जरा खट्टू होऊन विचारायचे, "अजून जळला नाय?"

भाऊ आमच्या कारखान्यात कामगारांची हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसला होते. मी हिशेब खात्यात. त्यांचं गाव खालापूरच्या बाजूला, घरची भातशेती थोरला भाऊ बघायचा. हे मॅट्रिक होऊन नोकरीला लागले आणि कॉलनीत आमच्या समोरच्या क्वार्टरमध्ये राहायला आले. उंच, सडपातळ, पांढराशुभ्र लेंगा आणि वर कंपनीचा खाकी शर्ट. सगळी कॉलनी त्यांना भाऊच म्हणायची. कुणाच्याही घरी विजेवर किंवा सेलवर चालणारी वस्तू आली की भाऊंना बोलावणं जायचं. न बोलावल्यास ते आपसूक यायचे.

वास झाला की प्रश्न सुरू. पहिला प्रश्न, "याचं म्हायेर कुठलं?" म्हणजे बनावट कुठली. मग, "खातं किती?" म्हणजे वीज किती लागते. मग, "आजारी पडलं तर डाक्तर जवळ हाय का?" म्हणजे दुरुस्ती कर्जतला होते की पनवेलला न्यावं लागतं. विक्रेता कावायला लागला की भाऊ हात वर करून म्हणायचे, "शंका नाय, नुसतं इचारतो." या वाक्यानंतर निदान चार प्रश्न यायचे.

मतंही पक्की होती. ट्रान्झिस्टरवर त्यांचा राग होता. जुना व्हॉल्व्हचा रेडिओ त्यांना आवडायचा. "त्याला चालू केलं का आधी गरम व्हतो, मग बोलतो," ते म्हणायचे. "ह्याचा कान पिळला का लगेच बडबड. इचार न करता बोलतो त्याचं काय आयकायचं?" आकड्यांची घड्याळं आली तेव्हा ती बघून म्हणाले, "काटे नाय म्हंजे येळ किती उरला ते दिसत नाय. नुसतं किती झाला ते सांगतं. सावकाराची जात." माझ्याकडे तेच घड्याळ होतं. मी शर्टाची बाही खाली ओढली.

आमच्या घरी टीव्ही आला तो दिवस मला लख्ख आठवतो. काळापांढरा, शटरवाला, चार पायांवर उभा. रविवार होता, संध्याकाळी सिनेमा होता आणि आमच्या बाहेरच्या खोलीत निम्मी कॉलनी येऊन बसली होती. भाऊंनी वास घेतला, म्हायेर विचारलं आणि खोक्यातून माहितीपुस्तक काढलं. पुस्तक पूर्ण वाचल्याशिवाय कुठलंही यंत्र चालू करायचं नाही, हा त्यांचा नियम. इंग्रजी ते वाचायचे, पण प्रत्येक वाक्याचं तिथल्या तिथे मराठी करून सांगायचे.

"पडद्यावर वल्लं फडकं मारू नये," भाऊ म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या.

"वीज कडाडत असल तर तार काढावी."

पुन्हा माना.

"आंघोळीच्या टबाजवळ ठेवू नये." भाऊंनी चष्म्यावरून माझ्या बायकोकडे पाहिलं. "शैलावयनी, टबापासून लांब हाय ना?"

आमच्याकडे एक पितळी घंगाळं होतं आणि तेही माळ्यावर. शैला गंभीरपणे म्हणाली, "लांब आहे, भाऊ." तेव्हा ते पुढच्या पानावर गेले. आम्ही टीव्ही लावला तेव्हा मध्यंतर झालं होतं. नायक नायिकेवर का रागावलाय ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यातही चित्र नीट येईना. मुंग्याच मुंग्या. भाऊ लेंगा खोचून गच्चीवर चढले आणि अँटेना फिरवायला लागले. गच्चीवरून ते ओरडणार, जिन्यात कुलकर्णी ऐकणार, दारात मी, आत शैला. "आलं का?" "आलं." "आता?" "गेलं." असा बराच वेळ निरोपांचा कारखाना चालला. शेवटी भाऊ घामाघूम होऊन खाली आले. "माथेरानचा त्रास हाय," त्यांनी निदान केलं.

मी म्हणालो, "भाऊ, मुंबई इकडे आहे. माथेरान तर पार मागच्या बाजूला."

"म्हनूनच," भाऊ म्हणाले. "पाठीमागनं वढतो."

पुढे आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला. त्यासाठी वेगळी थंड खोली बांधली होती आणि आत जाताना चपला बाहेर काढायला लागायच्या. आमच्याकडचे बरेच जण देवळात गेल्यासारखे हात जोडून आत जायचे. बर्वे नावाचा एक तरुण अधिकारी त्याचं काम बघायचा. एके दिवशी हिशेब खात्याला आणि टाइम ऑफिसला एकत्र समजावून सांगायला त्याने आम्हाला बोलावलं. पगाराचा हिशेब यापुढे हाच करणार होता. भाऊ पुढच्या खुर्चीवर. वास घेऊन झाला होता. थंड हवेमुळे नीट लागला नाही, अशी त्यांची तक्रार होती.

बर्वे म्हणाला, "याला आपण एक एक पायरी सांगायची. त्या पायऱ्या म्हणजे प्रोग्रॅम. आपण सांगू तसंच, त्याच क्रमाने हा करणार. एखादी पायरी राहिली तर अडणार."

"सोताचं डोकं?" भाऊंनी विचारलं.

"ते नाही त्याला."

"शंका नाय, नुसतं इचारतो. चुकला तर कबूल करतो का?"

बर्वे हसला. "तो चुकत नाही हो. चूक नेहमी सांगणाऱ्याची असते."

भाऊंनी जरा विचार केला. "मग याला बढती लवकर मिळनार," ते म्हणाले.

साहेब मागे उभे होते. सगळ्यांनी एकदम खोकायला सुरुवात केली.

त्या संध्याकाळी भाऊ थेट आमच्या स्वयंपाकघरात आले. मला उभं करून म्हणाले, "तुमी कंपूटर. मी सांगन तेवढंच करायचं, डोकं चालवायचं नाय." मग कमरेवर हात ठेवून चहाचा प्रोग्रॅम सांगायला लागले. पातेलं घ्या. पानी वता. साखर टाका. पूड टाका. आता उकळी येस्तवर थांबा. मी थांबलो. ते थांबले. शैला विळीवरून मान वर करून बघायला लागली.

"उकळंना का?" भाऊ म्हणाले.

"स्टोव्ह पेटवायचं सांगितलं नाहीत," मी म्हणालो.

भाऊंचा चेहरा असा फुलला की बघत राहावं. "आडला," ते म्हणाले. "कंपूटर आडला. बर्वे बोलला तसाच आडला." त्यांना एवढा आनंद झाला की चहा न घेताच ते कुलकर्ण्यांकडे सांगायला निघून गेले.

शैला म्हणाली, "सांगितल्याशिवाय यांच्या हातून काही होत नाही, हे मला लग्न झाल्यापासून माहीत आहे. त्याला थंड खोली कशाला लागते?"

असे हे भाऊ रोज संध्याकाळी कुणा ना कुणाकडे असायचे. यंत्र आलेलं नसलं तरी जुन्याची तब्येत विचारायला यायचे आणि दिवेलागण होऊन गेली तरी बोलत बसायचे. त्यांच्या मंडळी मात्र कुणाकडे येत नसत. पार्वतीवहिनी दिसायच्या त्या दारातल्या तुळशीला पाणी घालताना, नाहीतर धान्य निवडताना. कुणी काही म्हटलं की गोड हसायच्या आणि आत जायच्या. कॉलनीतल्या बायका त्यांना शिष्ट म्हणत. शैलाचा तर त्यांच्यावर खास राग होता. तिची आई वारली, ती माहेराहून परतली, तेव्हा वाटेत पार्वतीवहिनी भेटल्या. हिने सांगितलं, "वहिनी, आई गेली." आणि वहिनी तोंडभर हसून पुढे निघून गेल्या. त्यानंतर शैलाने त्यांच्याशी बोलणं सोडलं. भाऊंना मात्र चहा मिळत राहिला.

पावसाळा सरत आला होता तेव्हाची गोष्ट. एका शनिवारी जेवणाच्या सुट्टीत भाऊ माझ्या टेबलाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "जोशी, उद्या कर्जतला येनार का? एक यंत्र घ्यायचंय."

मला आश्चर्य वाटलं. दुसऱ्यांच्या यंत्रांचं सगळं बघणाऱ्या या माणसाच्या घरात दिव्याचं बटण सोडून काही नव्हतं. "कसलं यंत्र?"

"तुमी नुसतं बसा शेजारी," भाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी स्टँडवर बघतो तर पार्वतीवहिनीही बरोबर. नवं लुगडं, हातात कापडी पिशवी. चौक गावावरून जाणारी गाडी मिळाली. वहिनी खिडकीशी बसल्या आणि पिकायला आलेली भातं बघत राहिल्या. भाऊ एक शब्द बोलले नाहीत. रस्त्यात एक नवाकोरा ट्रॅक्टर आडवा आला, त्याच्याबद्दलही नाही. मला काळजी वाटायला लागली.

कर्जतला उतरल्यावर ते बाजारातल्या रेडिओच्या दुकानांकडे वळलेच नाहीत. एका बोळातल्या दवाखान्यापाशी थांबले. पाटीवर कान, नाक, घसा असं लिहिलं होतं. मुंबईचे एक डॉक्टर दर रविवारी तिथे यायचे.

बाकड्यावर बसल्यावर भाऊ म्हणाले, "हिला आयकू नाय येत."

मी वहिनींकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघून नेहमीसारख्या गोड हसल्या.

"तापात गेलं. आधी थोडं गेलं, मग गेलंच. पयले तोंडाकडं बघून वळखायची, आता ते बी नीट जमत नाय. हातवाऱ्यांवर चालतं आमचं." भाऊ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होते. "कुनाला सांगू नका म्हनाली व्हती. लोकांना कळलं का वरडून बोलतात. आवाज तर पोचत नाय, पन वाकडी झालेली तोंडं दिसतात. ते तिला सोसत नाय."

"एवढी वर्षं तुम्ही…" मी म्हणालो.

"घरात बोललो तर भिताडांशी," भाऊ म्हणाले. "म्हनून तुमच्याकडं यायचो. कायतरी निमित्त लागतं ना मान्साला दुसऱ्याच्या घरात शिरायला."

नंबर आला. डॉक्टर मध्यमवयीन, शांत गृहस्थ होते. त्यांनी वहिनींचे कान तपासले आणि एक छोटी डबी काढली. काडेपेटीहून थोडी मोठी, तिला एक वायर आणि वायरीच्या टोकाला कानात बसवायचं बोंडूक. डबी त्यांनी वहिनींच्या गळ्यात दोरीने अडकवली, बोंडूक कानात बसवलं. मी भाऊंकडे बघत होतो. आता वास घेतील, म्हायेर विचारतील, निदान खातं किती ते तरी विचारतील. त्यांनी काहीच विचारलं नाही. ते नुसते वहिनींच्या तोंडाकडे बघत होते.

डॉक्टरांनी डबीचं चक्र हळूहळू फिरवलं.

वहिनी दचकल्या. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, पुन्हा वर पाहिलं. "ह्ये काय घरघरतंय?"

"पंखा," डॉक्टर म्हणाले.

"पंख्याला आवाज असतो," वहिनी स्वतःशीच म्हणाल्या. हे त्या विसरून गेल्या होत्या. मग बाहेर कुणीतरी बादली आपटली, तिकडे त्यांनी मान वळवली. मग स्वतःच्या बांगड्या हलवून पाहिल्या, पुन्हा हलवून पाहिल्या.

डॉक्टर भाऊंना म्हणाले, "तुम्ही बोला त्यांच्याशी. नेहमीसारखं बोला, ओरडू नका."

सगळ्या कॉलनीला बोलून बोलून जेरीस आणणारा हा माणूस, त्याला शब्द सापडेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"बोला की," वहिनी म्हणाल्या.

भाऊंनी डबीकडे बोट केलं. "याला पेन्सिल सेल लागतो," ते म्हणाले. "आपल्याकडचाच चालतो. भायेरनं मागवाया नको."

डॉक्टर उठून खिडकीशी गेले आणि बोळात काय चाललंय ते बघायला लागले. वहिनींनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की काय होत होतं ते मला कळलं नाही. थोड्या वेळाने पदर काढून त्या म्हणाल्या, "आवाज म्हातारा झाला वं तुमचा."

"तुझाच तेवढा तरना ऱ्हायला," भाऊ म्हणाले.

परतीच्या गाडीत वहिनींनी सुरुवातीला सगळं ऐकलं. कंडक्टरची घंटी, मागच्या बाकावरच्या कोंबड्या, पुढे चाललेलं दोघांचं भांडण. चौकपर्यंत पोचल्यावर त्यांनी डबीचं चक्र बंद केलं आणि डोकं टेकलं. "लई कालवा हाय जगात," त्या म्हणाल्या. भाऊंनी मान डोलावली.

कॉलनीत आल्यावर वायर लपवायची की नाही हा प्रश्न होता. चारपाच दिवस वहिनी डोक्यावरून पदर घेऊन होत्या. मग एका दुपारी त्या स्वतःहून आमच्या दारात आल्या. मी जेवायला घरी आलो होतो. त्यांनी पदर मागे सारला, वायर दिसू दिली आणि शैलाला म्हणाल्या, "तुमची आई गेली तवा मी हसले, असं ह्ये सांगत व्हते. मला आयकू आलं नवतं वो. तुमी माहेरावनं आलात, मला वाटलं, भावाला पोर झालं असं सांगता."

शैलाच्या हातात पोळपाट होता. तो तिने खाली ठेवला, वहिनींना हाताला धरून आत नेलं आणि माझ्या पानात भाजी वाढायची राहिली ती राहिलीच. आतून दोघींचे आवाज येत होते. मी कोरडी पोळी खाऊन कामावर गेलो.

त्यानंतर भाऊंचं संध्याकाळचं येणं कमी झालं. पहिल्यांदा ते कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही. कुलकर्ण्यांनी टेपरेकॉर्डर आणला, भाऊ आठवड्याने बघायला आले, तेही उभ्याउभ्या. पुस्तक अर्धंच वाचलं. कुलकर्णी मला म्हणाले, "तब्येत बरी नाही का यांची?"

मग आमच्याकडे फ्रिज आला. पनवेलहून टेंपोतून आला, चौघांनी वर चढवला. शैलाने बजावलं, भाऊ आल्याशिवाय खोकं उघडायचं नाही. मी समोर गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. बाहेरच्या खोलीत वहिनी दाराकडे पाठ करून सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या, डबीची दोरी गळ्यात, आणि भाऊ त्यांच्यासमोर मांडी घालून काहीतरी सांगत होते, हातवारे करत. हातवाऱ्यांची आता गरज नव्हती, पण सवय गेली नव्हती.

"भाऊ, फ्रिज आलाय," मी म्हणालो. "तुमची वाट बघतोय."

"आज नाय जमनार," भाऊ म्हणाले. "हिला ताराच्या लग्नाचं सांगतोय."

तारा त्यांची एकुलती एक मुलगी. कशेळ्याला दिली होती, तिलाही आता दोन मुलं होती. लग्नात वहिनी सगळीकडे होत्या, सगळं त्यांनीच केलं होतं. पण कानावर काहीच पडलं नव्हतं. ना सनई, ना मंगलाष्टकं, ना निघताना तारा गळ्यात पडून काय म्हणाली ते. भाऊ जवळच उभे होते. त्यांनी ते ऐकलं होतं आणि इतकी वर्षं जपून ठेवलं होतं.

"बरं, मग उद्या या," मी म्हणालो.

भाऊंनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींच्या हातातलं सूप थांबलं. त्या पाठमोऱ्या होत्या, तरी माझं बोलणं त्यांना नीट ऐकू आलं होतं.

"उद्या बी नगं, जोशीभावजी," त्या वळून म्हणाल्या. "अजून वऱ्हाडच कशेळ्यातनं निघालं नाय."

भाऊंनी घसा साफ केला आणि सांगायला लागले. मी दार हळूच ओढून घेतलं.